वाटेत इटली लागते का?

आमच्या हेदवीत कुणी परदेशी निघालं की बापू कदमांना लगेच पत्ता लागतो. माणूस बॅग भरत असतो आणि बापू पडवीत येऊन टेकतात. प्रश्न एकच, "वाटेत इटली लागते का?"

मस्कतला निघालेल्या आमच्या शेजाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं.

"नाही लागत, बापू. विमान सरळ जातं."

"सरळ जातं हे तुला ड्रायव्हरने सांगितलं काय? विचारलेलं बरं असतं."

बोटीवर कामाला असलेल्या एकाकडे तर त्यांनी कप्तानाच्या नावे अर्जच दिला होता. बोट सवडीने दोन तास इटलीला थांबवावी. खाली सही, 'सेवानिवृत्त, पोफळी वीजघर'.

पोफळीला बापूंनी जन्मभर दर तासाला मीटर बघून आकडे लिहिले. ती खोड गेली नाही. आता ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी मोबाइलवर इटलीतल्या एका गावाचं तापमान बघून वहीत उतरवतात. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असतो आणि बापू फाटकातून सांगून जातात, "आज तिकडे छान गारवा आहे." गारवा त्यांनीच सोडल्यासारखा.

त्या गावाबाहेरच्या दफनभूमीत बापूंचे वडील आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढायला गेले आणि तिथेच पडले. बापू तेव्हा आईच्या पोटात होते. "आपल्यात पुरत नाहीत," बापू सांगतात, "पण लढाईत सरण कोण रचत बसणार?" घरी तार आली, मागून एक पदक आलं. फोटो कधी काढलेलाच नव्हता.

माझी मुलगी मुग्धा शिकायला निघाली तेव्हाही बापू आले, टेकले, विचारलं.

मी म्हटलं, "बापू, ती इटलीलाच चालली आहे."

इतक्या वर्षांत पुढचा प्रश्न बापूंनी तयारच केला नव्हता. चहा न घेता घरी गेले आणि तासाभराने कबरीचा नंबर लिहिलेला कागद घेऊन परत आले. एकाच कागदाच्या तीन प्रती. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून, आणि तिसरी मुग्धा हरवली तर माझ्याकडे.

दोन महिन्यांनी मुग्धा त्या दफनभूमीत गेली. तिथून व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं होतं. बापू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे येऊन बसले. मला हळूच म्हणाले, "हाक काय मारू रे? बाप म्हणून कुणाला कधी हाक मारलेली नाही. आणि तो बावीस वर्षांचा. माझा नातू त्याच्यापेक्षा मोठा आहे."

तेवढ्यात फोन वाजला.

पांढरा दगड दिसला. बापूंनी चष्मा पुसून नाव वाचलं. "स्पेलिंगात एक ए जास्त घातलाय," म्हणाले. मग विचारलं, "गवत कोण कापतं गो?"

"माळी आहे, आजोबा."

"नीट कापलंय. सांग त्याला. पावसाचं पाणी तुंबत नाही ना?"

"नाही, उतार आहे इथे."

"आणि बाजूला कोण आहे?"

मुग्धाने फोन फिरवला. "शिंदे म्हणून आहेत. त्यांच्याच पलटणीतले. वय वीस."

"म्हणजे बोलायला मराठी माणूस आहे."

"आहे, आजोबा."

"बरं झालं."

मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी तोंडाजवळ धरला. मुग्धा तिकडे दगडासमोर फोन धरून उभी राहिली.

"बाबा रे," बापू म्हणाले. घरातल्या लहानाला समजवावं तसं. "आई गेली. तुला कुणी कळवलं नसेल. शेवटी फार त्रास नाही झाला. मी होतो जवळ."