पालखीची वेबसाइट

शिमग्याची पालखी कुणाच्या अंगणात किती वाजता येणार, यावरून वरंधजवळच्या त्या वाडीत दरसाल भांडण व्हायचं. मुंबईकर एका दिवसाची रजा काढून यायचे आणि पालखी पुढे गेलेली असायची. म्हणून यंदा महाडच्या कॉलेजात शिकलेल्या हृतिकनं वेबसाइट केली. घरटी एक खातं, आपापला पासवर्ड, आत पालखीची वेळ.

लोक इंग्रजीत नावं कशीही भरणार, हे त्याला ठाऊक होतं. एकेक रकाना कोण धरत बसणार? पठ्ठ्यानं एकाच लूपमध्ये, म्हणजे सगळ्या रकान्यांवरून आपोआप फिरणाऱ्या एकाच आज्ञेत, अख्खा फॉर्म कॅपिटल करून साठवायची सोय केली. जेवताना आईलासुद्धा ही हुशारी सांगून झाली.

देवळात सभा भरली. "उघडा आता आपापलं खातं," हृतिक ऐटीत म्हणाला.

कुणाचंच उघडेना.

"माझा पासवर्ड चुकीचा म्हनतंय रे," आनंदीबाई म्हणाल्या.

"नीट टाका ना काकी!"

"अरं, नातवाचं नाव हाय. त्यात काय चुकणार?"

"तुम्हीच चुकताय. मशीन चुकत नाय."

हेच त्यानं चाळीस जणांना ऐकवलं. वाडीचे अध्यक्ष सुनीलभाऊंनी तर जावयादेखत चारदा प्रयत्न करून फोन मुकाट्यानं खिशात घातला.

"माझं उघडलं बघ," कोपऱ्यातून कुशाबा आजोबा म्हणाले. त्यांचा जन्म मुंबईच्या तार ऑफिसात गेला. तारेत लहान अक्षर नसायचंच, तीच सवय हाताला. सकाळीच फॉर्म भरताना हृतिकनं त्यांना झापलं होतं, "सगळं कॅपिटलमध्ये काय लिहिता, आजोबा? ओरडल्यासारखं वाटतं ते!"

हृतिक लॅपटॉप उघडून पाहतो तर काय, लूपनं नावांबरोबर सगळ्यांचे पासवर्डही कॅपिटल करून ठेवलेले! त्यानं गुपचूप प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, की टाकाल तो पासवर्ड आधी कॅपिटल होईल, आणि म्हणाला, "परत टाका."

भराभर खाती उघडली.

"बघ गो, मीच कायतरी चुकीचं दाबत व्हते," आनंदीबाई शेजारणीला म्हणाल्या. "पोराला उगाच तरास दिला."

आता मात्र हृतिकला मान वर करवेना. शेजारी येऊन बसलेल्या आजोबांना त्यानं कुजबुजत सगळं सांगितलं.

"मग सांग की तिला."

"ग्रुपवर माफी लिहितो."

"लिही. मोठ्या अक्षरात लिही."

"मराठीत नसतं हो मोठं अक्षर."

"नसतं? मग ओरड!" असं म्हणत आजोबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.