कोयंडेकाका आणि त्यांचे मंजूर भत्ते

कोयंडेकाकांची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून प्रश्न येतो, "जिन्यानं की लिफ्टनं?" जिन्यानं आलात तर दोन रुपये चढण भत्ता मिळतो. लिफ्टवाल्यांना नुसतं पाणी.

शिरगावात आमची दारं समोरासमोर होती. काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, दुसऱ्यांचे भत्ते मंजूर करण्यात गेली. महागाई, प्रवास, रात्रपाळी, धुलाई. निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातोय! लग्न केलंच नाही, त्यामुळे घरात अर्ज करायला कुणी नव्हतं. मग सापडलो आम्ही.

"पगार कामाचा असतो गं वंदना," ते मला सांगायचे. "भत्ता त्रासाचा. तुला त्रास झाला हे कुणीतरी कागदावर मान्य करायचं, म्हणजे भत्ता."

त्यांच्याकडे झाडू-फरशीला येणारी भारती बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. तिला पावसाळ्यात चिखल भत्ता असे. एकदा भर मे महिन्यात ती कुठल्याशा बांधकामाच्या चिखलात पाय भरवून आली आणि भत्ता मागितला. काका दोन दिवस नियम चाळत बसले. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "चिखुल तो चिखुल! त्याला काय पावसाचाच पायजे?"

"मंजूर!" काका ओरडले. त्यांना ते फार पटलं.

एकदा पडदे घ्यायला मला उल्हासनगरला घेऊन गेले. सिंधी दुकानदाराला पन्नासेक पडदे उलगडायला लावले, घेतला एकही नाही, आणि निघताना त्याच्या हातावर पाच रुपयांचं नाणं ठेवलं. तो म्हणाला, "साईं, ये क्या?"

"घडी भत्ता. इतने पडदे फिर से घडी करने पडेंगे ना तुमको!"

त्यानं नाणं कपाळाला लावलं आणि मला हळूच विचारलं, "डॅडी की तबियत ठीक है ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा स्वतःचा होता श्रवण भत्ता. रोज संध्याकाळी चहाबरोबर एका फोरमनच्या धुलाई भत्त्याची गोष्ट ऐकायची आणि दहा रुपये घ्यायचे. फोरमनचा शर्ट पहिल्यांदा काळा पडला की मी मनातल्या मनात स्वयंपाकाला लागायची. शेवट मी कधी धड ऐकलाच नाही, पण दहा रुपयांची कोथिंबीर मात्र न चुकता आणली.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः नाही का कधी भत्ता घेत?"

"छे! मंजूर करणाऱ्यानं स्वतःसाठी मागायचं नसतं."

मग आम्ही अंबरनाथला शिवमंदिराजवळ घर घेतलं. काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बशीच पुसत राहिले. नंतर बदली भत्ता म्हणून एक्कावन्न रुपये आणि नारळ दिला. मी ऐटीत म्हटलं, "काका, एकच स्टेशन तर आहे! दर रविवारी चहाला येते."

पहिल्या रविवारी सामान लावायचं होतं. दुसऱ्या रविवारी पाहुणे. तिसऱ्या रविवारी, खरं सांगते, निव्वळ कंटाळा.

चौथ्या रविवारी गेले, मुद्दाम जिन्यानं. आतून प्रश्न आला नाही, कारण दार उघडंच होतं. टेबलावर दोन कप मांडलेले. काकांनी एक कागद पुढे सरकवला. त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

अर्जदार: कोयंडे. भत्त्याचा प्रकार: वाट पाहणे. कालावधी: तीन रविवार.

रकमेची जागा कोरी होती. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"काका, रक्कम?"

"पैसे नकोत गं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आज जेवून जा. आणि त्या फोरमनचं शेवटी काय झालं, ते तुला ठाऊक नाही, हे मला माहितीये."

मी पेन घेतलं आणि अर्जावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंजूर'. खाली सही केली.

काकांनी कागद उजेडात धरला, डोळे पुसले, चष्मा चढवला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली," ते म्हणाले. "पुढच्या रविवारची पण घाल."