नोहाच्या वंशवृक्षातली रिकामी चौकट

माझ्या ब्रशाची ओळ वाकडी जात नाही! चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय. दवाखाने, दुकानं, शाळा. अर्ध्या शहराला आपलं ठिकाण माझ्या अक्षरावरून सापडतं. त्यामुळे पाळकसाहेबांनी चर्चच्या सभागृहात बायबलमधल्या, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचा वंशवृक्ष रंगवायला सांगितला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "नोहाचे तीन मुलगे, शेम, हाम, याफेथ, आणि त्यांच्यापासून झालेली राष्ट्रं तर काढतोच. पण खाली एक चौकट रिकामी ठेवतो. आमचं घराणं या तिघांपैकी कुणाचं, ते तिथे शास्त्रीय पुराव्यानिशी लिहिणार!"

लेकीनं साठीला डीएनए चाचणीचा डबा पाठवला होता. नळीत लाळ भरायची, पाठवायची, की बाप-आजा-पणजा करत वंश हातात! पण खरं सांगू? वंशाचं मला काडीचं पडलं नव्हतं. मला दादा हवा होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी वडिलांना माती देऊन आलो आणि त्यांचं बायबल उघडून बसलो. उत्पत्तीचा दहावा अध्याय, नुसती नावंच नावं, पण वडिलांचा फार आवडता. दादा म्हणाला, आपण शेमचे. मी म्हणालो, छे, याफेथचे! रडायचं सोडून आम्ही भांडलो. शेवटी तो म्हणाला, "तू पाट्या रंगव. यातलं तुला काही कळत नाही."

"मग नको येऊस पुन्हा!" मी म्हणालो.

आणि तो खरंच आला नाही. मोठ्या भावानं इतकं आज्ञाधारक असू नये!

म्हणून हा बेत. रिपोर्ट आला की चौकट भरायची, फोटो काढून त्याला पाठवायचा. चुकलेलं दिसलं तर भांडायला येईल, बरोबर दिसलं तर कबूल करायला येईल. येईल हे नक्की!

पण नळी भरेना. एरवी माझ्या तोंडाला बांध नाही, त्या दिवशी कोरडं ठाक! तासभर खटपट करून दोन थेंब निघाले. वैतागून मी फेरी मारायला गेलो. परत आलो तर बायको म्हणाली, "झालं तुमचं काम. डबा पाठवून दिला." मी मनात म्हटलं, दोन थेंब पुरले वाटतं. विज्ञान फार पुढे गेलंय!

पुढचे दोन महिने मी जो भेटेल त्याला चौकटीची कथा ऐकवली. मग काय, सगळ्यांनाच चौकटी हव्या झाल्या! बेकरीवाला म्हणाला, "मला शेमकडे घाला." शिंपी म्हणाला, "बेकरीवाला जिथे असेल तिथे मी नाही." पाळकसाहेब कपाळाला हात लावून फिरू लागले.

रिपोर्ट आला त्या रविवारी उपासना संपल्यावर सगळी मंडळी सभागृहात जमली. पाकीट मी ऐटीत दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"यात लिहिलंय, पितृवंश सांगता येत नाही. नमुना स्त्रीचा आहे."

सभागृहात एकच हशा पिकला! बेकरीवाला तर हसता हसता खुर्चीसकट मागे गेला. मी बायकोकडे बघितलं.

"तुम्हाला जमेना, म्हणून मी भरली," ती म्हणाली. "नवराबायको एकदेह, असं आपल्यातच म्हणतात ना! आणि तुमचे दोन थेंब बरे दिसत नव्हते. मी नळी धुऊन घेतली आधी."

डॉक्टरीणबाईंना दया आली. "पुन्हा चाचणी करा. पितृवंश भावाभावांत एकच असतो. तुमची लाळ नाहीतर तुमच्या भावाची, कुणाचीही चालेल."

"म्हणजे शेम की याफेथ ते कळेल?"

"नाही हो. रिपोर्टात एक अक्षर येतं आणि काही आकडे. नोहाच्या मुलांची नावं त्यात नसतात. ते तुम्ही भाऊभाऊ बसून ठरवा."

तुमच्या भावाची. भाऊभाऊ बसून. नऊ वर्षांत माझ्यासमोर कुणी दादाचं नाव काढलं नव्हतं, आणि या बाईंनी दोन वाक्यांत त्याला माझ्याशेजारी आणून बसवलं. मला त्याची इतकी आठवण आली की लोक हसतायत याचंही काही वाटेना.

मंडळी पांगल्यावर मी शिडीवर चढलो आणि चौकटीत सुबक अक्षरात लिहिलं: शेम. जाऊ दे, दादाचं खरं! शिडीवरूनच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"कोण गेलं?" दादाचा आवाज घाबरलेला होता.

"कुणी नाही. तुझी लाळ हवी होती."

"काय हवी होती?"

मी सगळं सांगितलं. नळी, बायको, खुर्ची, सगळं. तो हसला नाही. मग मी म्हणालो, "दादा, मी शेम लिहिलंय. तुझंच बरोबर."

"अरे गाढवा! मला केव्हाच याफेथ पटलाय. रोज नकाशे काढून बसतो मी. तूच बरोबर होतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नको येऊस म्हणालास ना."

मी शिडीच्या पायरीवरच बसलो. बायकोनं खालून शिडी घट्ट धरली.

"ते शेम पुस आधी," दादा म्हणाला.

"ऑइलपेंट आहे, दादा. आता निघायचा नाही."

"तुला एक काम धड येत नाही! थांब, मी येतो. आल्यावर बघू. तोवर कशाला हात लावू नकोस."

आता तुम्हाला म्हणून सांगतो, ऑइलपेंट ओला असेपर्यंत चिंधीच्या एका फटक्यात पुसला जातो. चिंधी माझ्या खांद्यावरच होती. ती मी गुपचूप बायकोकडे दिली आणि पंखा लावून रंग वाळवत बसलो.