सदोबा साळिंदराचं प्राग

एका जंगलात, मुलांनो, फाल्गुनातली एक सकाळ उजाडली. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. ऊन कोवळं होतं. पण वारा फिरला होता, तो आता पश्चिमेकडे चालला होता. जंगलात पोराटोरांनाही ठाऊक असतं, वारा असा फिरला की तळ्यावरचे करकोचे आपल्या मुलखाला परत निघतात.

सदोबा साळिंदराची धांदल उडाली. त्याचं सहलीचं वेळापत्रक अजून पुरं झालं नव्हतं.

त्याचं असं होतं. थोरल्या करकोच्याचं घरटं युरोपात, प्राग नावाच्या जुन्या शहराजवळ. हिवाळ्यात इकडे आला की तो तिथल्या गोष्टी सांगे. तिथे चौकात एक घड्याळ आहे. तास झाला की वरच्या दोन खिडक्या उघडतात. आतले पुतळे एकेक करून डोकावून जातात. आणि खाली हाडांचा एक सापळा घंटा वाजवतो.

सदोबाची बायको गोजरा दरवर्षी म्हणे, "अहो, एवढं घड्याळ दाखवा. मग काही मागणार नाही."

सदोबा दरवर्षी म्हणे, "दाखवतो. पण नीट आखून जाऊ."

यंदा करकोचा आपण होऊन म्हणाला, "साळिंदरभाऊ, टोपलीत बसा दोघं. आम्ही चौघं उचलतो. काटे तेवढे मिटून बसा म्हणजे झालं. पण मी आता म्हातारा झालो. पुढल्या वर्षी हे ओझं झेपायचं नाही."

सदोबाने सागाचं मोठं पान घेतलं आणि तीन दिवसांची सहल आखायला बसला. पहिला दिवस पूल. दुसरा दिवस किल्ला. तिसरा दिवस घड्याळ. दशमी कुठे सोडायची, चटणी कितव्या घासाला संपवायची, पाणी कुठे प्यायचं, सगळं लिहिलं. सागाची अकरा पानं भरली.

गाडी अडली ती वामकुक्षीपाशी.

"किल्ला चढून झाला की जेवण," सदोबा म्हणाला. "जेवण झालं की वामकुक्षी. पण मग संध्याकाळी किल्ल्यातलं देऊळ हुकतं."

"एक दिवस नका झोपू," गोजरा म्हणाली.

सदोबाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काटे उपटून ठेवायला सांगितलं होतं.

त्या सकाळी गोजरा टोपली झाडून तळ्यावर ठेवून आली. दशम्या बांधल्या. करकोच्याने निरोप धाडला, "ऊन तापलं, हवा वर उठू लागली की निघू. थांबता येणार नाही."

दुपारी जेवता जेवता सदोबाला एकदम सुचलं. "गोजरा, वामकुक्षी वीसच मिनिटांची केली तर? सगळं बसतं!"

"मग करा की तसं लिहून."

"असं कसं? वीस मिनिटं पुरतात की नाही, आधी करून बघायला नको?"

आणि तो आडवा झाला.

गोजराने हाक मारली. मग काट्याने काटा हलवला. मग कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अहो, करकोचे पंख पसरताहेत!"

"हं," सदोबा डोळे न उघडता म्हणाला. "अजून सात मिनिटं आहेत."

सदोबाला जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वीस मिनिटं पुरत नाहीत, हे सिद्ध झालं होतं. तो धापा टाकत तळ्यावर गेला. टोपली नव्हती. शेजारचं खवल्या मांजर अंबादास काठावर बसलं होतं.

"वहिनी गेल्या," अंबादास म्हणाला. "शेवटपर्यंत तुमच्या वाटेकडे बघत होत्या."

सदोबाने बगलेतली पानं काढली. म्हणाला, "तीनच दिवस तर आहेत. येईल."

"तीन दिवस? अहो, करकोचे परत येतात ते दसऱ्यानंतर!"

सदोबाने अकराच्या अकरा पानं उलटून पाहिली. परत कधी यायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग काय करणार? दुसऱ्या दिवशी तो पारावर पानं घेऊन बसला. "आत्ता आमची गोजरा पुलावर असेल," तो म्हणाला. "पूल पाचशे सोळा मीटर. वर तीस पुतळे." चार प्राणी ऐकायला जमले. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ला सांगितला, चौथ्या दिवशी घड्याळ. पाचव्या दिवशी काही उरलं नाही, म्हणून त्याने पुन्हा पुलापासून सुरुवात केली. पावसाळा संपेपर्यंत सगळं जंगल त्याच्याकडे प्रागची माहिती विचारायला येऊ लागलं. रात्री मात्र तो गोजराच्या जागेकडे पाठ करून झोपे.

दसरा झाला आणि टोपली उतरली. गोजरा गुटगुटीत झाली होती. सारं जंगल गोळा झालं.

"काय काय पाहिलंत, वहिनी?"

"घड्याळ," गोजरा म्हणाली. "समोर एक बाक आहे. तिथे रोज बसायची."

"आणि पूल किती लांब?"

"मोजला नाही हो."

"पुतळे किती?"

"असतील पुष्कळ."

प्राणी एकमेकांकडे पाहू लागले. सदोबाने घसा खाकरला, पान काढलं आणि पुलापासून सुरुवात केली. सगळे त्याच्याकडे सरकून बसले.

गोजरा त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "बाकावर तुमच्यापुरती जागा धरून ठेवली होती मी. सात महिने."

सदोबाने पान मिटायला घेतलं. पण पुतळे तिसापैकी चौदाच झाले होते. त्याने पंधरावा सांगायला घेतला.

तात्पर्य : वेगळं काही सांगायला नको, मुलांनो. घरी जाता जाता अंबादास सदोबाला म्हणाला तेवढं ध्यानात ठेवा : "सदोबा, वहिनी नुसत्याच जाऊन आल्या हो. प्राग पाहिलंत ते तुम्हीच!"