गरीब दिसणारी पोरं पाहिजेत

गरीब मुलं जमवायची असतील तर अख्ख्या नागपुरात माझ्यासारखा माणूस मिळणार नाही, असं मी गोपाळरावांना छातीठोकपणे सांगितलं. खोटं काय त्यात? मी राहतो इंदोऱ्यामागच्या वस्तीत. आमच्याकडे नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही, पण गरिबीचा तोटा कधीच पडलेला नाही!

गोपाळराव म्हणजे आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीमचे सेक्रेटरी. टीमचं नाव कन्हान रेंजर्स, आणि खेळाडू फक्त खेळण्याचा पगार घेणारे. चौऱ्याहत्तर साली टीमने युवक कल्याण निधी काढला, आणि त्याचा कारकून झालो मी, ताराचंद. पहिलंच काम आलं ते वस्तीतल्या पोरांना फुटबॉलचे बूट वाटायचं. आमची पोरं अनवाणी खेळून भल्याभल्यांना पाणी पाजत. पण रविवारी कामठीला स्पर्धा होती, आणि तिथे बुटांशिवाय मैदानात पाऊल ठेवू देत नव्हते. सगळ्या वस्तीचा जीव त्या बुटांत अडकला होता.

"फक्त एक करा," गोपाळराव म्हणाले. "मुलं गरीब दिसली पाहिजेत. भैय्याजी येणार आहेत."

भैय्याजी कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, निधीचे मोठे दाते. भारी मायाळू माणूस! गरिबी पाहिली की त्यांचे डोळे भरून येत, आणि डोळे भरले की हात सैल होई. कोरड्या डोळ्यांचे भैय्याजी निधीच्या काही उपयोगाचे नव्हते.

घरी येऊन मी बायकोला, प्रेमिलाला सांगितलं की पेपरात फोटो येणार आहे, पोरांना रोजच्या कपड्यांत पाठवायचं.

"रोजच्या काहून?" तिने विचारलं.

आता काय सांगणार? गरीब दिसायचं आहे, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. साहेबाचा हुकूम आहे म्हणालो. तिने ते ऐकून घेतलं आणि तडक रुखमाबाईकडे गेली. रुखमाबाई संत्रा मार्केटात पेट्या भरायची, आणि तिचा रविंद्र पोरांचा कप्तान. पेपरात फोटो आणि पोरं मळकी? दोघींनी हुकूम धाब्यावर बसवला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना घालायचे पांढरे कपडे घरोघरच्या ट्रंकांतून बाहेर निघाले. ज्याच्याकडे नव्हते त्याला शेजाऱ्याने दिले. खळ अशी घातली की शर्ट माणसाशिवाय उभे राहावेत! प्रेमिलाने माझाही पांढरा शर्ट काढून ठेवला होता. मी मात्र हट्टाने विरलेल्या कॉलरचा रोजचाच घातला. कोणीतरी हुकूम पाळायला नको?

पोरं मैदानावर आली ती चोपून तेल लावून, भांग पाडून, कडक इस्त्रीत. गोपाळरावांचा चेहरा उतरला. ही गरीब मुलं की लग्नाची वरात, असं त्यांनी मला विचारलं. मैदानाला नुकतंच पाणी मारलं होतं. ते कानाशी येऊन म्हणाले, पोरांना जरा चिखलात लोळवा. आणि मी लोळवलंही असतं! बुटांपुढे शर्टाची काय किंमत? पण पोरांच्या पुढे रुखमाबाई उभी होती.

"गरिबी आमच्या घरात आहे भाऊ," ती म्हणाली. "ते पोरायच्या आंगावर काहून मिरवाची? बूट द्याचे त द्या. शर्ट मळनार नाई."

मी तसाच परत गेलो आणि शर्ट मळणार नाही, असं गोपाळरावांना ठणकावलं, जणू वाक्य माझंच. ते म्हणाले, मग बूटही मिळणार नाहीत. गरीब मुलं खाप्यालाही आहेत, तिथे वाटू. तेवढ्यात फाटकातून भैय्याजींची गाडी आत शिरली, ठरल्या वेळेच्या बरीच आधी.

टीमचा सराव चालू होता. स्वागताला खेळाडू हवेत म्हणून गोपाळरावांनी त्यांना होते तसे ओढून आणलं. नखशिखांत चिखल, अंगात फाटक्या जर्सी, कोणाच्या एकाच पायात मोजा. ते टेबलाच्या डावीकडे उभे राहिले, उजवीकडे आमची पांढरीशुभ्र पोरं. भैय्याजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि भरल्या डोळ्यांनी ते डावीकडे वळले.

पहिलाच होता आमचा गोलकीपर चंद्रभान. सहा फूट उंच, पुढचे दात खेळात गेलेले. भैय्याजींनी त्याला चिखलासकट पोटाशी धरलं आणि विचारलं, बाळा, जेवलास का?

"नाई साहेब," चंद्रभान म्हणाला. "सकाळपासून पोटात काईच नाई."

खरंच होतं ते. सरावाआधी कोण जेवतो? पण भैय्याजींना हुंदका आवरेना. गोपाळराव नुसतेच साहेब, साहेब करत राहिले. दात्याला चूक दाखवायची कोणी? मी मुकाट्याने एकेक जोडी पुढे करत गेलो, आणि आमच्या पगारी खेळाडूंनी पोरांच्या मापाचे बूट प्रसादासारखे दोन्ही हातांत घेतले.

मग भैय्याजी उजवीकडे गेले. रविंद्रचा हात हातात घेऊन म्हणाले, इतका टापटीप संघ मी जन्मात पाहिला नाही, आता या गरीब पोरांना तुम्हीच सांभाळून घ्या. रविंद्रने चंद्रभानला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सांभाळू साहेब," तो म्हणाला. "मेहनत लागन जराशी."

सगळ्यांचा मिळून फोटो निघाला आणि गाडी गेली. लगेच गोपाळरावांनी फर्मान काढलं की बूट परत पेटीत टाका, उद्या पुन्हा वाटप होईल, आणि फाटक्या कपड्यांत येईल त्यालाच मिळेल. रुखमाबाई म्हणाली, उद्याही पांढरेच येतील. पेटी घेऊन मी रांगेपाशी गेलो, तर चंद्रभानने बूट छातीशी धरले आणि गोपाळरावांनाच विचारलं.

"मले भेटले ना साहेब हे? मंग माहे झाले. मी कोनालेबी देईन."

आणि त्याने ते रविंद्रच्या हातात ठेवले. त्याच्यामागून सगळ्या टीमने आपापले बूट पोरांना दिले. मग मलाही चेव आला. मी मोठ्याने म्हणालो, वाटप दात्याच्या हस्ते झालंय, फोटोही निघालाय, आता पुन्हा वाटप होणार नाही! नोकरी जाईल याची भीती मला तिथे वाटलीच नाही. ती घरी गेल्यावर वाटली.

रविवारी कामठीला आमची पोरं सपाटून हरली. पण बूट घालून हरली.

पेपरातला फोटो रुखमाबाईने भिंतीवर लावला आहे. खाली छापलंय की उजवीकडे कन्हान रेंजर्सचा रुबाबदार संघ आणि डावीकडे बूट मिळालेले निराधार युवक. अगदी डाव्या टोकाला विरलेल्या कॉलरचा मी आहे. माझ्याबद्दल लिहिलंय, 'निराधारांपैकी एकाचे वृद्ध वडील'. छत्तिशीत होतो हो मी! रागारागाने पेपर प्रेमिलापुढे धरला. तिने तो नीट निरखून पाहिला.

"तुमाले म्या आंधीच म्हनलं होतं," ती म्हणाली. "पांढरा शर्ट घाला म्हून."