कोण पावणं?

माझ्या पोरीची पाठ अण्णांनी सांभाळली, हे आधी सांगते. मंगळवार पेठेत पाठीचे पट्टे बनवणारे अण्णा. बाकीचं सगळं मागून. फक्त रस्त्यात भेटले तर नमस्कार करू नका. अण्णा रस्त्यात कुणालाही ओळखत नाहीत.

कुणालाही म्हणजे कुणालाही. रोजचा दूधवाला तालमीसमोर भेटला, तर त्याला म्हणाले, "कोण पावणं? कुठलं गाव?" गडहिंग्लजहून आलेल्या मेव्हण्याला स्टँडवर तेच विचारलं. तो रुसून परतीच्या गाडीत बसला होता. काकी, म्हणजे अण्णांची बायको, म्हणते, "अंतरपाट काढला तवा मला बी इचारलं असतं, भटजीनं गडबड केली म्हणून वाचले."

आम्ही वऱ्हाडातले. नवऱ्याला कागलच्या एमआयडीसीत काम लागलं, म्हणून इथं आलो. माझी शाळा सहावीत सुटलेली, जवळ नात्याचं कुणी नाही, आणि तेराव्या वर्षी माझ्या वैशूचा एक खांदा वर जायला लागला. मी दप्तराला दोष दिला. डॉक्टर म्हणाले, कणा वाकतोय. हाडं वाढायची थांबेपर्यंत पट्टा घालायचा, नाहीतर बाक वाढत जाईल. मला पहिली काळजी पडली ती तिच्या लग्नाची. खोटं कशाला सांगू?

अण्णांनी तिच्या अंगाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला आणि त्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवलं. असे साचे दुकानाच्या दारात वाळत असत, बिनमुंडक्याचे, बिनहातांचे. श्रावणात लोक गणपतीची चौकशी करायला येत. अण्णा म्हणत, "मूर्ती हाय, पण पूजा दुसऱ्याच्या घरात हाय. फुडं जावा."

पट्टा घेताना मी हळूच म्हटलं, "अण्णा, कुणाला बोलू नका."

"मी कुणाला वळखतोय व्हय?"

पुढच्याच आठवड्यात मंडईत मी हात जोडले, तर म्हणाले, "कोण पावणं?" मला रागच आला.

पण खरी काळजी वेगळीच होती. वैशू शाळेला जाताना पट्टा काढून पलंगाखाली ढकलायची. मुली पट्ट्यावर बोटांनी टकटक वाजवतील, ही भीती. मला हे मागून कळलं. पुढच्या एक्स-रेच्या फोटोत बाक वाढलेला दिसला. पट्टाच चुकला असेल म्हणून मी तिला घेऊन दुकानात गेले. अण्णांनी तो उलटापालटा करून बघितला. "ह्यो नवाच हाय की. घामच लागला न्हाय." वैशू भिंतीकडे बघत राहिली.

तेवढ्यात हुपरीची एक बाई गुडघ्याचा पट्टा घ्यायला आली. मागे तिची सून, पायांत भारी पैंजण. अण्णांना बघून सून पांढरी पडली. अण्णांनी तिच्याकडे मान वर करून बघितलंही नाही. सासूला विचारलं, "कोण पावणं? कुठलं गाव?" माप घेतलं, पट्टा दिला. सासू पायरी उतरली, तसं कात्री चालवता चालवता अण्णा पुटपुटले, "रंजे, पवायला जातीस न्हवं अजून?"

"व्हय, अण्णा," ती म्हणाली, डोळे पुसले आणि सासूमागे गेली.

मी काकीकडे बघितलं.

"ह्यांचा पट्टा घातलेल्या अशा लई पोरी हैत," काकी म्हणाली. "सासरी ठाव नसतंय. एकीला ह्यांनी रस्त्यात हाक मारलेली, पाठीची चौकशी केली, आन् तिचं ठरलेलं लगीन मोडलं. तवापासनं हे कुणालाच वळखत न्हाईत. निस्त्या पोरींचीच वळख सोडली असती तर लोकांनी ताडलं असतं की. आमच्या पोटी काय न्हाय. ह्याच त्यांच्या पोरी."

"गप ए," अण्णा म्हणाले, आणि वैशूच्या पट्ट्याच्या कडा उगाचच घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी वैशू पट्टा घालून शाळेला निघाली. मी चौकापर्यंत सोबत होते. समोरून अण्णा येत होते. ही भर चौकात ओरडली, "अण्णा, काखेत टोचतंय."

अण्णांनी आधी मागे वळून बघितलं. मग म्हणाले, "कोण पावणं?"

"वैशू. तुमचाच पट्टा हाय की," म्हणत तिनं स्वतःच्या पोटावर टकटक वाजवलं.

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सांजच्याला ये. घासून देतो."

आता तिचा पट्टा सुटलाय. बाक होता तिथंच थांबला. तिचं लग्न ठरेल तेव्हा सोयऱ्यांना मी सगळं आधीच सांगणार आहे. आणि अण्णांना मांडवात पहिल्या रांगेत बसवून, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं हाक मारणार आहे. ते "कोण पावणं?" म्हणतीलच. म्हणू देत. उत्तर वैशू देईल.