टाचणीचं बॅकलेस

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे नव्वद टक्के. उरलेली दहा टक्के माया. शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. लागलं तर उसवून वाढवता येतं. या दुकानाचे शिंपी मास्तर माझे भावजी लागतात, गाडी मी स्वतः पाहिलीय आणि फ्रॉक अजून समोर टांगलाय. तेव्हा आधी ऐका, शंका नंतर.

तर मास्तरांनी गाडी घेतली. जुनी होती, पण आरसे तिन्ही जागेवर होते. लायसन्स त्यांना तिसऱ्या खेपेला मिळालं (पहिल्या दोन खेपांचा विषय घरात काढत नाहीत). आणि त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, बस चालवते. चांगली बारा मीटर लांबीची. अशा बाईपुढे चारचाकी मिरवायची म्हणजे आचाऱ्याला अंडं उकडून दाखवायचं. दुकानात सगळे तिला पायलट म्हणतात. मास्तरही म्हणतात, ती समोर नसली की.

मास्तरांची इच्छा एकच होती. रविवारी अकरा वाजता टाचणीची पोहण्याची शर्यत, तिथे तिला आपण स्वतः गाडी चालवत न्यायचं. टाचणी म्हणजे लेक. वय सात, उंचीने बापावर गेलेली, पण टोचायला पुरेशी.

पायलटने टाचणीला मागच्या सीटवर बसवून बेल्ट लावून बघितला. पट्टा थेट मानेवर.

"गाडी हलणार नाही," ती म्हणाली.

"अगं, काखेतून काढतो की."

"काखेतून काढलेला पट्टा बरगड्या मोडतो."

"मग खाली उशी देतो."

"ब्रेक मारला की उशी पुढे आणि पोर खाली."

मास्तरांनी विचार केला. अठरा वर्षांच्या धंद्यात न बसणाऱ्या गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध. ते आत जाऊन कात्री घेऊन आले.

"चार इंच आत घेतो. आतून टीप मारली की कुणाला कळणारही नाही."

पायलटने कात्री काढून घेतली. "पट्टा लहान नाही करायचा, पोर उंच करायची. त्याला बूस्टर मिळतो, मुलांची उंच बैठक, पाठवाला नाहीतर बिनपाठीचा, त्याच्यावर बसवायची. कुठला चांगला ते मी बघते."

ती "मी बघते" म्हणाली, त्याच क्षणी विषय मास्तरांच्या डोक्यातून उतरला. तसा त्यांचा स्वभावच आहे.

गुरुवारी मेसेज आला. शेवटच्या स्टॉपवर बस तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात लिहिलेला. "टाचणीसाठी बॅकलेस. नीट माप बघून. शनिवारपर्यंत तयार ठेवा."

आता शिंप्याला बॅकलेस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यापुढे काय येणार? मास्तर खूश झाले. पोर शर्यत जिंकणार, बक्षीस घ्यायला वर जाणार, म्हणून बायकोने फ्रॉक सांगितलाय. त्यांनी लाल सॅटिन काढलं, दोन गिऱ्हाइकांचे कोट बाजूला ढकलले (त्यातला एक लग्नाचा होता, ते लग्न स्वेटरवर झालं) आणि मशीनवर बसले.

शनिवारी पायलटचा फोन आला.

"बॅकलेस झालं का तयार?"

"झालं."

"टाचणीला बसवून बघितलं?"

"बघितलं तर. झकास बसलंय."

"खांद्यावर कुठे येतंय?"

"बरोबर मध्यावर. मानेला शिवतसुद्धा नाही."

"आणि खाली? पोटावर चढत नाही ना?"

"छे. सरळ मांडीवर."

"हलतंय का?"

"हललं तर धंदा सोडीन."

"आणि डोक्याच्या मागे काय? बॅकलेसला मागे काही नसतं, म्हणून विचारते."

"डोक्याच्या खाली, मानेशी, एक बो लावलाय. सॅटिनचा."

फोनवर मागून पॅसेंजर घंटी वाजवत होता.

"बरं," पायलट म्हणाली, "असेल काहीतरी नवीन." आणि बस निघाली.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे गाडीपाशी. टाचणी लाल फ्रॉकमध्ये, पाठ भिंतीला लावून उभी.

"आई, बाबांचं मागचं कापड संपलं. मला गार लागतंय."

पायलटने मागचं दार उघडलं, आत वाकून बघितलं, बाहेर आली.

"बॅकलेस कुठाय?"

मास्तरांनी अभिमानाने टाचणीला खांदे धरून वळवलं. समोर पाठ आणि बो.

पायलट बराच वेळ त्या बो-कडे बघत राहिली. एखादा पॅसेंजर बसमध्ये म्हैस घेऊन चढला तर बघेल तशी.

"अहो, ही पोर कशावर बसणार?"

"फ्रॉकवर?" मास्तर हळूच म्हणाले.

तिथून तिघं तडक चालत मुलांच्या सामानाच्या दुकानात. शर्यतीला दोन तास. दुकानदाराने विचारलं, "मुलीचं माप?"

"छाती तेवीस, कंबर एकवीस, बाही साडेबारा," मास्तर एका दमात म्हणाले.

"उंची आणि वजन विचारतोय," दुकानदार म्हणाला.

ते मास्तरांना माहीत नव्हतं. दुकानदाराने टाचणीला काट्यावर उभं केलं, आकडा बघून मान हलवली. "बॅकलेससाठी हलकी आहे. आणि गाडीत मागे हेडरेस्ट आहे ना? बॅकलेसला डोक्याचा आधार गाडीनेच द्यायचा असतो."

"आहे की," पायलट म्हणाली.

मास्तरांनी घसा साफ केला. "आहे. पण दुकानात आहे."

"दुकानात काय करतंय?"

"त्याच्यावर खांद्यांची इस्त्री फार छान होते."

पायलटने डोळे मिटले. बसमध्येसुद्धा ती एवढा वेळ डोळे मिटत नाही (निदान तसं सांगते). "कपड्यात माया सोडता," ती म्हणाली, "आणि पोरीच्या डोक्यामागचं काढून नेता."

खरं सांगतो, हा भाग मायेचा नाही. मास्तरांनी टाचणीच्या मानेवरचा बो उगाच सरळ केला.

"मग पाठवालाच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार असलेला. बॅकलेस मोठी झाल्यावर बघू."

सीट बसवली. टाचणी बसली. पट्टा खांद्याच्या मध्यावर, खालचा मांडीवर, डोकं सीटच्या दोन कानांच्या मधोमध. पायलटने तीनदा तपासलं आणि पहिल्यांदाच होकाराची मान हलवली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते ऐटीत स्टिअरिंगमागे बसले, आरसा सारखा केला, बेल्ट लावला, चावी फिरवली.

"थांबा," पायलट म्हणाली.

मास्तर थांबले.

"पट्टा बघा तुमचा."

पट्टा थेट मानेवर होता.

मागून टाचणी म्हणाली, "बाबा, तुम्हाला पाठवाला हवा की बॅकलेस?"

"उतरा," पायलट म्हणाली.

गाडी पायलटने नेली. मास्तर मागून बसने गेले, तेही उभ्याने. टाचणी पाचात चौथी आली आणि फ्रॉक स्विमिंग सूटवर चढवून टॉवेल गुंडाळून बसली. पण तिथल्या तीन आयांनी तो बघितला आणि तिथल्या तिथे विचारलं, "आमच्या मुलींना असं बॅकलेस कराल का?" तेव्हापासून ही पाटी लागलीय, वाचा: "बॅकलेस सांगताना बसायचं की घालायचं ते आधी सांगावे."

आता शंका विचारा. नाहीत? बरं. ही घ्या तुमची पॅन्ट. मास्तर त्या दिवसापासून सगळ्यांना जरा जास्तच माया सोडतात, त्यामुळे कमरेत तीन इंच ढगळ झालीय. बेल्ट लावला की बसेल. शिलाई माझ्याकडे द्यायची.